दुसऱ्या प्रतीचे प्लम

पर्शोरला ऑगस्टात प्लम पिकतात
आणि सुपरमार्केटचा माणूस येतो,
हातात प्लास्टिकची पट्टी, पट्टीला भोकं.
भोकातून गळला तो लहान,
अडकला पण डागी, तोही गेला.
उरतात त्यांना प्रॉसर म्हणतो, सेकंड्स.
किलोला तीस पेन्स,
नेणार असलीस तर ने, नाहीतर डुकरं आहेतच.

मी नेते.

माझा कारखाना म्हणजे
बंद चॅपेलच्या मागचं गॅरेज.
स्टीलचं टेबल, एक सिंक हातांचं, एक फळांचं
(कौन्सिलची बाई दोनदा मोजून गेली),
वाळवणाचं यंत्र, त्यात तेरा ट्रे,
आणि दोरीना,
जिच्या गावी, रोमानियात,
प्लम साखरेशिवाय रात्रभर आटवतात,
कढई उपडी केली तरी थेंब पडता कामा नये.
मी सांगते, आमच्याकडे पाकाची तार बघतात,
अंगठा आणि तर्जनी.
ती म्हणते, मग ते दीडशे पौंडांचं मीटर कशाला घेतलंस?
मीटर पासष्ट दाखवतं. बरण्या भरायच्या.
तिची पाठ वळली की
मी तार बघून घेते.

पहिल्या वर्षी जॅम केला.
जत्रेत डाव्या हाताला जॅम, उजव्या हाताला जॅम,
समोर चर्चच्या बायकांचा जॅम, तोही स्वस्त.
अकरा बरण्या गेल्या,
त्यातली एक प्रॉसरच्या बायकोने नेली, भिडेखातर.

दुसऱ्या वर्षी
गर खरवडून झाल्यावर सालं बादलीत टाकताना
हात थबकला.
जांभळी, आत आंबट मांसाचा पातळ थर.
वेंगुर्ल्याला मे महिन्यात रातांबे फोडणाऱ्या बायकांची नखं
पार गणपतीपर्यंत काळी असायची.
सालं उन्हात, रस-मीठ पातेल्यात,
सुकली की बुडव, बुडवली की सुकव,
पुटावर पूट.
त्या उन्हाचं बिल कधी आलं नव्हतं.
इथे साठ अंश, नऊ तास, आणि मीटर भिंतीवर गरगरतो.
पाचव्या पुटाला दोरीनाने एक तुकडा जिभेवर ठेवला,
काही बोलली नाही,
दुसरा ॲप्रनच्या खिशात टाकला.

मग फॉर्म आला.
पदार्थाचं नाव काय?
आमसूल लिहावं तर खोटं,
प्लम लिहावं तर निम्मंच खरं.
दोन दिवस रकाना मोकळा ठेवला.
शेवटी लिहिलं: खारवलेली, वाळवलेली प्लमची साल.
नाव कसलं, पंचनामाच तो.

ऐंशी ग्रॅम, पाच पौंड चाळीस.
प्रॉसरने क्रेटच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला,
पेन्सिल दाबून, दोनदा.
माझे तीस पेन्स, तुझे किती गं हे?
मी पुठ्ठा उलटा केला.
काच, झाकण, लेबल, वीज, भाडं,
प्रयोगशाळा, जिने ओलावा मोजायचे नव्वद घेतले,
दोरीनाचे तास,
फुटलेल्या बरण्या.
खाली उरले एकाहत्तर पेन्स,
त्यात माझे तास धरले नव्हते.
तो बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिला.
पुढच्या सोमवारपासून
सेकंड्स पंचेचाळीस पेन्स झाले.

रागावणार होते.
पण क्रेट उघडला तर डागी वेगळे, कच्चे वेगळे,
तळाला वर्तमानपत्र,
आणि देठ काढलेले, एकूण एक.
हे त्याने रात्री बसून केलं असणार.
दिले पंचेचाळीस.

या ऑगस्टात सुपरमार्केटचा माणूस
वाट वाकडी करून गॅरेजवर आला.
बरणी उजेडात धरली, फिरवली,
चांगलं आहे म्हणाला, वेगळं आहे, लोकांना गोष्ट आवडते,
फक्त तुकडे
सगळे एका मापाचे करता येतील का?
खिशातून पट्टी डोकावत होती.

दोरीनाने माझ्याकडे पाहिलं.
मी त्याच्या तळव्यावर एक तुकडा ठेवला,
सगळ्यात वेडावाकडा.
त्याने चावला.
एक डोळा आपोआप मिटला,
मग दुसरा.
आम्ही दोघी
तो कधी उघडतोय याची वाट बघत उभ्या,
जांभळी नखं ॲप्रनला पुसत.